तारेची आस

तार छेडली म्हणजे जो नाद उठतो त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग आघाताचा. तो क्षणांत सरतो. दुसरा भाग त्या आघातामागून रेंगाळत राहणाऱ्या नादाचा. त्यास गायक-वादक 'आस' असें म्हणतात. आघात कोणासहि करतां येतो. आस मात्र वाद्यानें द्यावी लागते. तंबोऱ्याची पारख करणारा जाणता मनुष्य तार छेडून हात बाजूला घेतो, आणि नाद कोठपर्यंत जातो, जातां जातां त्याचा रंग कसा पालटतो, तें कान देऊन ऐकत राहतो. आजच्या भाषणाचा विषय ही आस आणि तिच्या सोबतीनें येणारा स्वराचा रंग हा आहे. परंतु ज्या वाद्याच्या निमित्तानें त्याचा विचार करावयाचा तें वाद्य तंबोरा नसून इलेक्ट्रिक गिटार आहे.

हें वाद्य आतां परकें राहिलेलें नाहीं. ज्या जळगांवांत बालगंधर्वांच्या नांवानें संगीत महोत्सव भरतो आणि रसिक मंडळी तंबोऱ्यांच्या गुंजारवांत बसून ख्याल ऐकतात, त्याच जळगांवांत, आणि तसेंच धुळ्यांतहि, कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींच्या खोलींत भिंतीशीं टेकून ठेवलेली इलेक्ट्रिक गिटार दृष्टीस पडते. बहुधा ती मध्यम किंमतीची असते. घरच्यांनीं चार ठिकाणीं काटकसर करून ती घेतलेली असते. वर्ष दीड वर्ष वादन उत्साहानें चालतें, आणि मग एक तक्रार सुरू होते. सूर पूर्वींसारखा लागत नाहीं, छेडल्याबरोबर मरतो, कांहीं जागीं तर नुसता ठक् असा आवाज येऊन थांबतो. मित्र सांगतात, पिकप बदल. दुकानदार सांगतो, हें वाद्यच हलकें, याहून भारी घ्या. वडील हिशेबाची वही उघडतात आणि मिटतात. शेवटीं वाद्य कपाटावर चढतें, आणि आपला हातच वाद्याचा नव्हे, अशी त्या मुलाची कायमची समजूत होऊन बसते. ही हानि केवळ पैशाची नव्हे. आणि पुष्कळ वेळां ती टाळतां येण्यासारखी असते. कारण दोष बहुधा वाद्याच्या किंमतींत नसून तार जेथें जेथें टेकते त्या जागांत असतो.

हें नीट समजण्यासाठीं तारेचा जमाखर्च पाहिला पाहिजे. नखीनें तार ओढून सोडली कीं तिला एकदांच काय ती मिळकत होते. त्यानंतर तिला एका पैचीहि आवक नाहीं, खर्च तेवढा आहे. हा खर्च तीन वाटांनीं होतो. कांहीं शक्ति हवा कापण्यांत जाते. कांहीं तारेच्या धातूंतल्या घर्षणांत ऊष्णतारूपानें जिरते. उरलेली शक्ति तारेच्या दोन टोंकांकडून लाकडांत उतरते. तंबोऱ्यांत, सतारींत किंवा साध्या लाकडी गिटारींत ही तिसरी वाट कारागिरानें बुद्ध्याच मोकळी ठेवलेली असते. कारण तार स्वतः इतकी बारीक असते कीं ती हवेला फारसें हलवूं शकत नाहीं. तिच्या कंपानें पातळ तबली कांपते, तबली हवेला ढकलते, आणि मग तो सूर समोरच्या श्रोत्याला ऐकूं येतो. म्हणजे वाद्य जितक्या मोठ्यानें बोलेल तितकी तारेची पुंजी लवकर सरेल. मोठा आवाज आणि लांब आस यांचें असें मुळांतच थोडेंसें वांकडें आहे.

या अडचणींतून विजेनें वाट काढली. अमेरिकेंत जॉर्ज बीचम या हवाईयन गिटारवादकानें १९३१ च्या सुमारास तारांपाशीं लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें बसविलें. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रांत कांपली कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. हा फॅरडेनें १८३१ सालीं दाखवून दिलेल्या नियमाचाच उपयोग. ती क्षीण वीज वाढवून ध्वनिक्षेपकांतून ऐकविली कीं झालें. बीचमचें जें वाद्य बाजारांत आलें त्याचें अंग ओतीव ॲल्युमिनियमचें असून आकार तव्यासारखा होता, म्हणून लोक त्याला गमतीनें 'फ्राइंग पॅन' म्हणत. पुढें १९४० च्या सुमारास लेस पॉल यानें एका चौकोनी लाकडी ओंडक्यावर तारा ताणून पाहिल्या, आणि १९५० सालीं लिओ फेंडर यानें भरीव लाकडाची गिटार बाजारांत आणली. भरीव अंगाचा मुख्य लाभ हा कीं तें तारेची शक्ति सहजासहजीं पीत नाहीं. पोकळ वाद्य तारेचें धन वाटून टाकतें. भरीव वाद्य तें राखून ठेवतें, आणि पिकप त्याची केवळ नोंद घेतो. इलेक्ट्रिक गिटारीची आस लांब असण्याचें मूळ या व्यवस्थेंत आहे.

आसेचें असें झालें. मग स्वराचा रंग कोठें ठरतो? त्याचें उत्तर मिरजेच्या कारागिरांनीं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातांनीं दिलेलें आहे. मिरजेंत शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व पाणी देणारे कारागीर, संस्थानच्या आश्रयानें राहत असत. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांचें काम मंदावलें, तेव्हां त्यांच्यापैकीं कांहीं जण तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब यांचें नांव या धंद्याच्या आरंभाशीं निगडित आहे. पुढें या घराण्यास सतारमेकर हेंच नांव पडलें. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे आणि तुणीचें लाकूड यांतून त्यांनीं जीं वाद्यें घडविलीं तीं देशभर गेलीं. खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं मिरज हेंच आपलें घर मानलें. १९३७ सालीं ते वारल्यावर त्यांचें दफनहि तेथेंच झालें. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु हा सारा लौकिक ज्या एका कामावर उभा आहे तें काम दोन बोटें रुंदीच्या पट्टीवर चालतें. तें म्हणजे जवारी.

तंबोऱ्याची घोडी धारदार नसते. तिची पाठ रुंद असून तिला अगदीं सूक्ष्म असा गोलसर उतार असतो. तार त्या पाठीवर एका बिंदूवर न टेकतां कांपतां कांपतां तिला स्पर्श करीत, सोडीत राहते. हा उतार कानशीनें घासून साधावा लागतो. एकदां घासावें, तार चढवावी, ऐकावें. पुन्हां उतरवावी, पुन्हां घासावें. शेवटीं तार आणि घोडी यांच्यामध्यें सुताचा किंवा रेशमाचा बारीक दोरा सरकवून त्याची नेमकी जागा शोधावयाची. दोरा केंसभर पुढेंमागें झाला तरी बंद सूर खुला होतो किंवा खुला सूर कर्कश होतो. घोडीच्या त्या नित्य स्पर्शामुळें मूळ स्वराची शक्ति वरच्या स्वरांशांत वांटली जाते आणि नाद विझतां विझतांहि फुलत राहतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं तंबोरा व वीणा यांविषयीं एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली असतां एखादा स्वरांश शास्त्राप्रमाणें मुळीं उठूं नये, तेथें छेडली तरी या वाद्यांत तो स्पष्ट ऐकूं येतो, असें त्यांनीं दाखवून दिलें. आणि त्याचें कारण घोडीच्या त्या रुंद, वक्र पाठीत आहे असें सांगितलें. मिरजेचा कारागीर जें कानानें जाणत होता त्यास रामन यांनीं शास्त्राचा आधार दिला.

यावरून गिटारीविषयीं जो बोध घ्यावयाचा तो मात्र उलट दिशेचा आहे. तंबोऱ्याचें जें वैभव तेंच गिटारीचें व्यंग ठरतें. गिटारीची तार दोन्ही टोंकांस स्वच्छ कांठावर टेकून सुटली पाहिजे. तंबोऱ्याच्या अटीच्या जागीं गिटारीला जी खांचांची पट्टी असते तिला नट म्हणतात. तिची खांच खुंट्यांकडे किंचित् उतरती हवी. खांच सपाट झाली कीं तार तिच्यावर घासूं लागते आणि मोकळ्या तारेंतून सतारीसारखी भणभण निघते. या भणभणीचाच मुद्दाम उपयोग करून अमेरिकेंत १९६७ सालीं 'कोरल' नांवाची इलेक्ट्रिक सतार विक्रीस आली. तिची घोडी रुंद व सपाट ठेवलेली होती. हवें तेथें तें भूषण. नको तेथें तीच आसेची चोरी.

आतां घरच्या घरीं काय पाहावें तें क्रमानें सांगतां येईल. सर्वांत आधीं तारा. गिटारीच्या जाड तारांवर दुसऱ्या बारीक तारेचे वेढे असतात. त्या वेढ्यांत घाम, धूळ आणि गंज बसला कीं तार सर्वत्र सारखी जड राहत नाहीं. तिचें अंतर्गत घर्षण वाढतें आणि स्वर मलूल होतो. खानदेशांतल्या उन्हाळ्यांत हाताला घाम सुटतो आणि घरांत धूळ येते, हें कोणास सांगावयास नको. वादन संपल्यावर कोरड्या सुती फडक्यानें तारा वरून व खालून पुसाव्यात, आणि मळलेल्या तारा वेळींच बदलाव्यात. कित्येक 'मेलेल्या' गिटारी एवढ्यानेंच जिवंत होतात. त्याहून भरदार स्वर हवा असेल तर किंचित् जाड तार घ्यावी. नऊ सहस्रांश इंच जाडीच्या तारेऐवजीं दहा सहस्रांश इंचाची घेतली तर तिचें वजन सुमारें २३ टक्क्यांनीं वाढतें; तितकाच तिचा ताणहि वाढतो. म्हणून जाडी बदलल्यावर नटच्या खांचा आणि दांडीचा बांक पुन्हां तपासावा लागतो.

दुसरी गोष्ट तारेच्या टोंकांची. घोडीवरील प्रत्येक तारेच्या आधाराचे बारीक स्क्रू ढिले झाले असतील तर तारेची शक्ति त्या खुळखुळण्यांत जाते. ते हलक्या हातानें बेताचे आंवळावेत. अनेक गिटारींची दांडी अंगाला चार स्क्रूंनीं जोडलेली असते. तेहि तपासावेत, परंतु बळ लावून पिळूं नयेत, नाहीं तर लाकडांतले आटे जातात. तार पडद्यांना घासून भणभणत असेल तर तोहि खर्चच होय. बोटांना सोपें पडावें म्हणून तारा अगदीं खालीं आणल्या तर वादन सुलभ होतें, पण सूर पडद्यावर आपटून मरतो. तारा थोड्याशा वर घेतल्यास बोटांना श्रम पडतात, परंतु आस परत येते.

तिसरी गोष्ट खानदेशच्या ऋतूंची. तापीकांठच्या या मुलखांत वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो आणि हवा अगदीं कोरडी होते. पुढें पावसाळ्यांत तीच हवा ओलाव्यानें जड होते. लाकूड हें सोसतें, पण सोसतांना हलतें. कोरड्या दिवसांत दांडीचें लाकूड आकसून पडद्यांचीं टोंकें कडेला बोटांस टोंचूं लागतात; दांडीचा बांक ऋतूगणिक कमीअधिक होतो. वाद्यास सुमारें ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. म्हणून पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीस टेकून, पत्र्याखालच्या खोलींत किंवा उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत गिटार ठेवूं नये. तिच्या पेटींत ठेवावी. उन्हाळ्यांत भोंकें पाडलेल्या साबणदाणींत पिळून घेतलेला ओला स्पंज घालून तो पेटींत, वाद्यास न लागेल असा ठेवावा. दांडीचा बांक पाहण्याची युक्ति सोपी आहे. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जेथें अंगास मिळते तेथल्या पडद्यावर एकाच वेळीं दाबावी. मध्यें, सातव्या-आठव्या पडद्यापाशीं, तारेखालीं भेटीच्या कार्डाएवढी फट दिसली म्हणजे ठीक. ती फार वाढली किंवा मुळींच उरली नाहीं तर दांडींतला लोखंडी गज, ज्यास ट्रस रॉड म्हणतात, तो फिरवावा लागतो. एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक नको. आणि हात नवशिका असेल तर हें काम जाणत्याकडूनच करून घ्यावें.

चौथी गोष्ट पिकपची. आवाज वाढावा म्हणून पुष्कळ जण पिकप तारांच्या अगदीं जवळ आणतात. परंतु पिकपमध्यें चुंबक आहे आणि तार पोलादाची आहे. चुंबक तारेला ओढूं लागला कीं तिचें कंपन वेडेंवांकडें होतें, जाड तारांचा स्वर डळमळतो आणि आस तोकडी पडते. तार शेवटच्या पडद्यावर दाबून तिच्यात आणि पिकपमध्यें दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवून पाहावें. आवाज थोडा उतरेल. तो ध्वनिवर्धकावर वाढवितां येतो. चुंबकानें खाल्लेली आस मात्र मागाहून कोठूनहि आणतां येत नाहीं. तसेंच वाद्यापासून ध्वनिवर्धकापर्यंत जाणारी केबल जितकी लांब तितके वरचे स्वरांश तिच्यांत गळतात, आणि स्वर घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. खोलींत वाजवावयास तीन मीटरची केबल पुरते. दहा मीटरची कशासाठीं?

एवढें सर्व करूनहि दांडीवर एखादी अशी जागा राहते कीं तेथें सूर लवकरच विझतो. याचें कारण अनुनाद. दांडीला स्वतःची अशी कंपनाची गति असते. तारेचा स्वर त्या गतीशीं जुळला कीं दांडी स्वतःच कांपूं लागते आणि तारेची शक्ति पिऊन टाकते. भारी किंमतीच्या गिटारींतहि अशी जागा सांपडते. खुंट्यांच्या बाजूला, डोक्यावर, लहानसा शिकंजा लावून तें थोडें जड करून पाहावें. ती मेलेली जागा सरकते. तेवढ्यानें दोष सर्वस्वी जात नाहीं, पण तो कोठून येतो तें उमगतें, आणि वाद्य बदलण्याची घाई टळते.

विजेच्या पेट्यांविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. कॉम्प्रेसर नांवाची जी पेटी मिळते ती आघात दाबते आणि मागाहून क्षीण होणारा नाद उचलून धरते. त्यामुळें आस लांबल्यासारखी वाटते. त्या पेटीचा उपयोग नाहीं असें नव्हे. परंतु जी आस तारेंत आहे तीच ती उचलूं शकते. तारेंत भणभण असेल तर भणभण उचलेल, खोलींतली विजेची घरघर असेल तर तीहि उचलेल. म्हणून आधीं वाद्य, मग पेटी, हा क्रम सोडूं नये. आणि वाद्याच्याहि आधीं हात. डावें बोट पडद्याच्या अगदीं मागें, त्याला लागून, दाबलें आणि स्वर संपेपर्यंत ढिलें सोडलें नाहीं, तर साध्या गिटारींतूनहि स्वर दीर्घ निघतो. नखी घोडीजवळ छेडली कीं स्वर तीक्ष्ण लागतो, मध्याकडे सरकली कीं गोल होतो. हा रंग मिळविण्यास एक पैसाहि पडत नाहीं.

या सर्व उपचारांत पथ्य एकच आहे, आणि तें जवारीच्या कारागिराकडून शिकण्यासारखें आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदलल्यावर ऐकावें. तारा, पिकप, दांडी हीं सर्व एका दुपारीं फिरवून ठेवलीं तर सुधारणा कशानें झाली किंवा बिघाड कशानें झाला तें कळत नाहीं. एखादी लहान वही घ्यावी; तीत तारीख, केलेला बदल आणि मोकळ्या तारेचा नाद किती सेकंद टिकला तें लिहावें. घड्याळ घरांत असतेंच. चैत्रापासून आश्विनापर्यंत अशी वही ठेवणाऱ्या मुलास आपलें वाद्य तर कळेलच. शिवाय आपल्या गांवची हवाहि कळेल, आणि ऐकणें हा जो संगीताचा पाया तो पक्का होईल.

आणि ज्या घरांत आजीच्या वेळचा तंबोरा गवसणींत गुंडाळून कोपऱ्यांत उभा आहे, तेथें याच निमित्तानें त्याचीहि गवसणी काढावी. बंगळुरास १९७९ सालीं विजेचा तंबोरा तयार झाल्यापासून गळ्याच्या रियाजाची मोठी सोय झाली आहे, यांत शंका नाहीं. परंतु ज्या घोडीची जवारी उतरली आहे ती पुन्हां बोलती करणें हें यंत्राचें काम नव्हे. त्याला कानशीवर हात बसलेला आणि कान तयार असलेला मनुष्यच लागतो, आणि गिऱ्हाइकच आलें नाहीं तर असा मनुष्य पुढच्या पिढींत उरणार नाहीं. गिटार वाजविणाऱ्या नातवानें तो तंबोरा जवारीसाठीं पाठवावा, परत आल्यावर शेजारीं ठेवून दोन्हींची एकेक तार छेडावी, आणि दोन्ही नाद संपेपर्यंत घरांतल्या सर्वांनीं गप्प बसून ऐकावें.